फिशटँकमधलं शेवाळ: नेमकं कोणतं आणि आवरायचं कसं? (झाडांचा टँक, सोलापूर)

जुळेकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. घरी तीन फुटी टँक आहे, वाळू-दगड धरून आत साधारण १३० लिटर पाणी बसतं. झाडं: व्हॅलिस्नेरिया, अनुबियास, जावा फर्न, थोडा हायग्रोफिला. मासे: टेट्राचा थवा, चार मॉली, काही कोरीडोरास. वाळू साधी, खाली थोडी माती. एलईडी रोज १० तास. फिल्टर आतला, छोटा. मार्चपासून साखर-यीस्टच्या बाटलीने कार्बन डायऑक्साइड देतोय.

मार्च संपेपर्यंत टँक देखणा होता. आता चार प्रकार एकदम दिसतायत:

१. वाळूवर निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा. हाताने अख्खा निघतो, दोन-तीन दिवसांत परत हजर. वास मातकट, घाणेरडा.
२. अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे झुबके. नखाने खरवडले तरी सुटत नाहीत.
३. समोरच्या काचेवर हिरवे टणक ठिपके.
४. व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर पांढरट खरखरीत थर.

दुकानात विचारलं तर एक बाटली पुढे केली, "सगळ्या शेवाळावर चालते" म्हणाले. घेतली नाही. चारही गोष्टी दिसायला इतक्या वेगळ्या आहेत, तर औषध एकच कसं? टँक मोडून नव्याने मांडायचा नाहीये, ही झाडं मी तुकड्या-तुकड्याने वाढवली आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं. फोटो जोडलेत.

शेंगाचटणी
रुमाल टाकून ठेवतोय. माझ्याही टँकमध्ये नंबर ३ आहे.

वनस्पतीवेडी
फोटो दिसत नाहीयेत हो. परत टाका.

जुळेकर
परत टाकलेत. आता दिसताहेत का?

वनस्पतीवेडी
दिसले. अगं बाई, दुसरा फोटो बघून पोटात गोळा आला. हे काळे झुबके म्हणजे ब्लॅक बिअर्ड नावाचं शेवाळ, पुण्याच्या टँकमध्ये मी याच्याशी वर्षभर झुंजले आहे. सविस्तर रात्री लिहिते.

डाळिंबवाला
मालक, शेवाळाला मोरचूद. शेततळ्यात आम्ही तेच वापरतो, चार दिवसांत पाणी साफ. द्राक्षवाले त्याचं बोर्डो मिश्रण करून फवारतात, त्यामुळे मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल.

पॅथलॅब
डाळिंबवाला, शेततळ्याचं गणित वेगळं आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं, पण गोगलगाई आणि कोळंबी त्याआधी मरतात. पाणी मऊ असेल तर माशांच्या कल्ल्यांवरही परिणाम होतो. अनुबियास, व्हॅलिस्नेरियालाही ते सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते आत कुजतं, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो. १३० लिटरमध्ये मोरचुदीचा डोस मापणं घरच्या चमच्याचं काम नाही. नको.

डाळिंबवाला
बरोबर आहे, कोळंबीचं डोक्यात नव्हतं. सूचना मागे घेतो.

होटगीरोड
सकर मासा टाका की! दिवसभर काच चाटतो.

वनस्पतीवेडी
होटगीरोड, बाजारात सकर म्हणून मिळतो तो पिल्लू असताना काच चाटतो. मोठा झाला की फूटभराहून लांब होतो, फिशफूडवर जगतो आणि विष्ठा इतकी करतो की शेवाळाला खतच मिळतं. तीन फुटी टँकमध्ये त्याला नीट वळताही येत नाही. मग लोक तो तलावात नेऊन सोडतात, आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. कृपया हा सल्ला कुणाला देऊ नका.

सोनेरी "अल्गी ईटर" म्हणून विकतात तोही नको. मोठेपणी तो इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा श्लेष्मा खातो. काळे झुबके खरंच खाणारा मासा म्हणजे सियामीज अल्गी ईटर. ओळख सोपी आहे: अंगावरची काळी रेघ शेपटीच्या टोकापर्यंत जाते. तसाच दिसणारा दुसरा असेल तर रेघ शेपटीच्या आधीच थांबते.

भीमाकाठ
जुळेकर, बाटली घेतली नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या चार गोष्टींपैकी दोनच खऱ्या अर्थाने शेवाळ आहेत. एक जिवाणू आहे आणि एक नुसता चुना. एकेक घेतो.

पांढरा खरखरीत थर: पाणी बोअरचं आहे का? आपल्याकडे खाली काळा दगड, बोअरचं पाणी जड. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला की व्हॅलिस्नेरिया बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतो, आणि त्या प्रक्रियेत पानावर कॅल्शियम कार्बोनेट साचतं. पान व्हिनेगरच्या थेंबात धरून बघा, बुडबुडे आले तर चुना. तो घासू नका, पान फाटेल. झाडाला त्याचा त्रास नाही. उलट जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया मजेत असतो.

निळसर हिरवा पापुद्रा: हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. अख्खा सोलून निघतो, बुळबुळीत असतो आणि वास येतो, या तीन खुणा पुरेशा आहेत. जिथे पाणी फिरत नाही, तळाशी घाण साचते, आणि बऱ्याचदा जिथे नायट्रेट जवळजवळ शून्य असतं, तिथे तो पसरतो. झाडांना नायट्रोजन लागतो, तो संपला की झाडं थांबतात. याच्या काही जाती मात्र हवेतला नायट्रोजन स्वतःच वापरू शकतात, त्यांचं अडत नाही.

काळे झुबके: वनस्पतीवेडींनी ओळखलंच आहे. रंगाने काळं दिसलं तरी हे लाल शेवाळांच्या कुळातलं. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला, फिल्टर मळला, जुनी पानं पडून राहिली की हे येतं. अनुबियास, जावा फर्नसारख्या सावकाश वाढणाऱ्या पानांवर आधी बसतं, कारण ते पान महिनोन्महिने तिथेच असतं.

हिरवे टणक ठिपके: खरं हिरवं शेवाळ. प्रकाश तेज, फॉस्फेट कमी, असं बहुतेक वेळा निघतं. काचेवरचं पात्याने खरवडून टाका.

आता मला हे सांगा: पाणी कुठलं? किती दिवसांनी बदलता? खिडकी कोणत्या दिशेला? खोलीत पाण्याचं तापमान किती जातं? आणि नायट्रेटचं किट असेल तर आकडा.

अण्णा_साखरपेठ
भीमाकाठ यांनी छान लिहिलंय. पण मी माझं जुनं मत मांडतो. माझ्या टँकला ना खत, ना गॅस, ना औषध. खाली बागेची माती, वर वाळू, आत हॉर्नवर्ट भरपूर, वर मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडलेली. पाणी बदलणं कमी, खाणं मोजकं. शेवाळ येतं, जातं. जलद वाढणारी झाडं भरपूर ठेवली की शेवाळाला उरतच नाही काही. तुमच्या टँकमध्ये हायग्रोफिला "थोडा" आहे, ते "भरपूर" करा. इतकं पुरेल.

भीमाकाठ
अण्णा, हॉर्नवर्टबद्दल पूर्ण सहमत. पण मनी प्लांट आत्ता नको. त्यांचं नायट्रेट आधीच शून्य असेल तर मनी प्लांटची मुळं उरलंसुरलं ओढून घेतील, आणि पापुद्र्याला मोकळं रान मिळेल. आधी आकडा कळू द्या.

पॅथलॅब
काळ्या झुबक्यांची खात्री करायची सोपी रीत सांगतो. एक लहान झुबका कापून काचेच्या वाटीत सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका आणि काही तास झाकून ठेवा. लाल कुळातलं असेल तर तो गुलाबी-लाल होतो. स्पिरिटमध्ये हिरवं क्लोरोफिल उतरतं, लाल रंगद्रव्य मात्र तिथेच राहतं. हिरवाच झुबका असेल तर तो फक्त फिकट पडतो.

मी प्रयोगशाळेत काम करतो म्हणून आणखी एक सांगतो. "लिक्विड कार्बन" म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत ग्लुटारल्डिहाइड असतं. तेच द्रावण, अधिक तीव्र करून, दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. ते काळ्या झुबक्यांवर चालतं, पण व्हॅलिस्नेरिया त्याने वितळतो. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका आणि वाफ नाकात जाऊ देऊ नका. तुमच्या टँकमध्ये व्हॅलिस्नेरिया आहे, म्हणून ते नकोच.

जुळेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं:

पाणी: नळाचं काही दिवसांआड येतं, ते पिण्याच्या टाकीत जातं. टँकमध्ये मध्येमध्ये बोअरचंच घालतो. पाणी बदलायचं ठरवलेलं असलं तरी उन्हाळ्यात ते पुढे ढकललं जातं, उडालेलं तेवढं वरून भरतो.
खिडकी: पूर्वेला, सकाळी दोन तास थेट ऊन पडतं.
तापमान: दुपारी ३३. बाहेर ४२ च्या वर आहे.
नायट्रेट: शेजारच्या मित्राचं किट आणलं. रंग बदललाच नाही, म्हणजे शून्य. फॉस्फेटही किटच्या सगळ्यात खालच्या रंगाला.
व्हिनेगर: बुडबुडे आले. तो चुनाच.
स्पिरिट: झुबका गुलाबी झाला! मुलगी इतकी खूश झाली की तिने वाटी फोटोसाठी ठेवून घेतलीय.

वनस्पतीवेडी
मुलीला शाबासकी द्या.

उजनी_बॅकवॉटर
थोडं अवांतर. नळाच्या पाण्याला उन्हाळ्यात कधीकधी मातकट वास येतो, तोही याच मंडळींचा. धरणातल्या सायनोबॅक्टेरियामुळे पाण्यात जिओस्मिन नावाचा पदार्थ येतो, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासातही तोच असतो. नाकाला तो इतक्या कमी प्रमाणात कळतो की पाणी गाळून शुद्ध केलं तरी वास राहतो.

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणात पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून येतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याबरोबरच. म्हणून बॅकवॉटर हिरवं दिसतं. भिगवणला रोहित पक्षी बघायला येणारे लोक किनाऱ्यावर उभे राहून तेच हिरवं पाणी बघतात. टँकमध्ये जे चालतं, तेच तिथे शेकडो चौरस किलोमीटरवर चालतं.

अण्णा_साखरपेठ
आणि संभाजी तलाव? आम्ही लहानपणी त्याला कंबर तलाव म्हणायचो. तिथली जलपर्णी काढायची, ती परत येते, परत काढायची. खाली खत पोचत असेल तोवर वरचं काढून काय होणार.

शेंगाचटणी
अण्णा, तुम्ही तलाव आणि टँक एकाच वाक्यात सोडवलात.

होटगीरोड
पण मग थांबा. उजनीच्या पाण्यात फॉस्फेट भरपूर असेल, आणि शेवाळ त्यामुळेच वाढत असेल, तर जुळेकरांच्या ठिपक्यांचं कारण कमी फॉस्फेट असं का म्हणताय? उलट नाही का असायला हवं?

भीमाकाठ
होटगीरोड, हा वाद जुना आहे आणि प्रश्न रास्त आहे. १९९६ साली पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या झाडांचा टँक ठेवणाऱ्या दोघांनी मांडलं होतं की झाडांना बाकी सगळं द्या पण फॉस्फेट तुटपुंजं ठेवा, म्हणजे शेवाळ उपाशी राहील. बऱ्याच जणांना त्याचा फायदाही झाला. पुढे टॉम बार यांनी आपल्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट वाढवून बघितलं, झाडं निरोगी होती आणि शेवाळ आलं नाही. त्यातून सगळी पोषकद्रव्यं थोडी जास्तच द्यायची आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं, ही पद्धत रुजली.

माझं मत असं: धरणात शेवाळाशी स्पर्धा करायला मुळं रोवलेली झाडं नाहीत, तिथे फॉस्फेट म्हणजे थेट शेवाळाचं जेवण. टँक झाडांनी भरलेला असेल तर फॉस्फेट आधी झाडं उचलतात. ते शून्य झालं की झाडंच थांबतात, आणि थांबलेल्या पानावर शेवाळ बसतं. जुळेकर नळाचं पाणी टँकमध्ये घालतच नाहीत, त्यामुळे उजनीच्या फॉस्फेटचा प्रश्न त्यांच्याकडे येत नाही. त्यांच्याकडे शून्य आहे, हे किट सांगतंय.

वनस्पतीवेडी
आता रात्र झाली, कबूल केलेलं लिहिते.

जुळेकर, तुमच्या काळ्या झुबक्यांचं मूळ मला त्या साखर-यीस्टच्या बाटलीत दिसतंय. यीस्ट उन्हाने पळतं. पुण्यात हिवाळ्यात ती बाटली मला दोन-तीन आठवडे संथ गॅस द्यायची. सोलापुरात मे महिन्यात, ४२ अंशांच्या दुपारी, घरातली बाटलीही ३५ च्या वर जाणार. मग ती पहिले दोन दिवस जोरात उकळ्या मारते आणि एकदम विझते. म्हणजे टँकमध्ये सोमवारी गॅस भरपूर, गुरुवारी काहीच नाही. झाडांना एका पातळीची सवय होते तोवर ती बदलते. हे वरखाली होणंच ब्लॅक बिअर्डला मानवतं. कमी पण रोज सारखा गॅस, किंवा मग गॅसच नाही, हे दोन्ही त्याहून बरे.

तुमची झाडं बघता गॅसची गरजच नाही. अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया तिन्ही गॅसशिवाय नीट वाढतात. बाटली काढा आणि त्याबरोबर प्रकाशही कमी करा. १० तास नको, ६ तास पुरे, टायमर लावून. सकाळचं ऊन येतं त्या बाजूला पडदा.

काळी पडलेली जुनी पानं बुडाशी कापून टाका. अनुबियासचं पान कापायला जीवावर येतं, मला माहीत आहे, पण ते पान परत स्वच्छ होत नाही. कडेला थोडंसंच असेल तेवढंच ठेवा.

पॅथलॅब
उरलेल्या झुबक्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल. इथे एक काळजी: परदेशी लिखाणात ३ टक्क्यांच्या द्रावणाचे डोस असतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं. लेबल वाचा. ६ टक्क्यांचं असेल तर तुमच्या १३० लिटरला एका वेळी १५ मिलीच्या वर जाऊ नका. फिल्टर बंद करून सिरिंजने थेट झुबक्यावर सोडा, १० मिनिटं थांबा, फिल्टर सुरू करा. व्हॅलिस्नेरिया आणि मॉसवर सोडू नका. दोन-तीन दिवसांत झुबका गुलाबी, मग पांढरा होतो.

दगड किंवा लाकडाच्या तुकड्यावर असेल तर ते बाहेर काढून त्यावर लावा, धुवा, परत ठेवा. ते अधिक सोपं.

चादरवाला
पापुद्र्यावर कुणी ब्लॅकआउट सांगितला नाही अजून! मी सांगतो, माझा धंदाच चादरीचा आहे. आधी पाइप लावून पापुद्रा जितका ओढून काढता येईल तितका काढायचा, त्याबरोबर पाणीही बदललं जातं. मग दिवा बंद, आणि टँकवर जाड चादर दुहेरी करून चारही बाजूंनी झाकायची. तीन ते चार दिवस. मध्ये डोकावायचं नाही. खाणं नाही. हवेचा पंप मात्र २४ तास सुरू ठेवा, कारण आत काही मरतंय आणि झाडं ऑक्सिजन देत नाहीयेत. शेवटी परत निम्मं पाणी बदला.

शेंगाचटणी
सोलापुरी चादर या कामासाठी हातमागाची घ्यायची की यंत्रमागाची?

चादरवाला
जाड असली की झालं. तुझ्यासाठी डिझाइनमध्ये मासे विणून देतो.

उजनी_बॅकवॉटर
ब्लॅकआउट ठीक, पण मे महिन्यात चादर टाकून? पाणी ३३ ला आहे. २५ अंशांना पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसातच्या आसपास येतो, आणि ३३ ला आणखी कमी. वरून चादर म्हणजे उष्णता कोंडणार. त्यात रात्री वीज गेली तर?

चादरवाला
हा मुद्दा खरा आहे. माझा प्रयोग डिसेंबरातला होता, गड्ड्याच्या जत्रेआधी. मग असं करा: वरची बाजू चादरीने न झाकता जाड पुठ्ठा थोडा उंचावर आडवा धरा, हवा खेळू द्या. आणि पंप इन्व्हर्टरवर.

भीमाकाठ
किंवा आधी पाणी थंड करा. टँकच्या काठावर क्लिपचा छोटा पंखा लावून पृष्ठभागावर वारा सोडा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. मुंबईत दमट हवेत इतका फरक पडत नाही.

पण त्यातलं एक कलम महत्त्वाचं: बाष्पीभवनात उडतं ते शुद्ध पाणी, क्षार आत राहतात. जुळेकर वरून पुन्हा बोअरचं भरताहेत, म्हणजे दर भरणीला क्षार वाढताहेत. उडालेल्याची भरपाई आरओच्या स्वच्छ पाण्याने करा. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. पाणी बदलताना नळाचं आणि बोअरचं मिसळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे, किंवा पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवा.

होटगीरोड
एरिथ्रोमायसिन? इंटरनेटवर सगळे तेच सांगतात, जिवाणू आहे तर प्रतिजैविक द्या.

पॅथलॅब
काम करतं, नाकारत नाही. तरी मी देणार नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. टँकमधून उपसलेलं औषधी पाणी गटारात, तिथून नदीत जातं, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याचा धोका माणसांनाच आहे. शिवाय नायट्रेट शून्य आणि वारा-पाणी थांबलेलं, हे कायम राहिलं तर पापुद्रा परत येणार.

डाळिंबवाला
आता माझ्या विषयावर आलात. नायट्रेट हवंय ना? पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आमचं १३-०-४५ (आकडे नत्र-स्फुरद-पालाशच्या टक्क्यांचे). फॉस्फेटला ०-५२-३४. दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळणारी, ठिबकमधून देतो आम्ही. कृषी सेवा केंद्रात किलोच्या पाकिटात मिळतात, टँकच्या नावाने येणाऱ्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त.

पण दोन पाकिटं चुकूनही घेऊ नका. १९-१९-१९ मध्ये युरिया आणि अमोनियाचा नायट्रोजन असतो, आणि १२-६१-० म्हणजे अमोनियम फॉस्फेट. डाळिंबाला चालतं, माशाला नाही. तुमचं बोअरचं पाणी, पीएच चढा, त्यात अमोनिया आणखी घातक होतो ना, पॅथलॅब?

पॅथलॅब
अगदी बरोबर. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त.

भीमाकाठ
डाळिंबवाला, फार मोलाची माहिती. मोजमाप मी देतो. १३-०-४५ चे सव्वादोन ग्रॅम १३० लिटरमध्ये घातले की नायट्रेट साधारण १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतं. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. ०-५२-३४ इतकं कमी लागतं की कोरडं तोलता येणार नाही: १० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, त्यातले ९ ते १० मिली म्हणजे तुमच्या टँकमध्ये साधारण १ पीपीएम फॉस्फेट. दोन्ही एकाच दिवशी न घालता आलटूनपालटून. नायट्रेट १० ते २० मध्ये ठेवा.

बार्शीचा_मासेवाला
धागा छान चाललाय, मध्येच विचारतो. माझं पाणीच हिरवंगार झालंय, मासा दिसत नाही. काच स्वच्छ, वाळू स्वच्छ. आई म्हणते तुरटी फिरव.

वनस्पतीवेडी
ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. तुरटीने ते गोळा होऊन खाली बसतं, पाणी काही दिवस नितळ दिसतं, पण तळाशी बसलेलं तिथेच कुजतं आणि तुरटीने पाण्याची आम्लता सांभाळणारी क्षारता घटते. नुसतं पाणी बदलूनही ते जात नाही, उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. यूव्ही दिव्यातून पाणी फिरवलं तर आठवड्याभरात जातं. ते नको असेल तर चादरवाल्यांची चादर. ऊन थेट पडत असेल तर आधी ते थांबवा.

बार्शीचा_मासेवाला
ऊन पडतं. आजच टँक सरकवतो. आईला तुरटीचं सांगितलं, "मग पाण्यात काय घालू?" म्हणाली. काही घालू नकोस म्हटलं.

जुळेकर
बरेच दिवस लिहिलं नाही, आता सांगण्यासारखं झालंय.

यीस्टची बाटली काढली. दिवा ६ तास. खिडकीला पडदा. पंखा लावला, दुपारचं तापमान ३० वर आलं. पापुद्रा पाइपने ओढून काढला, वरची बाजू मोकळी ठेवून तीन दिवस अंधार केला, पंप इन्व्हर्टरवर. झाडं थोडी फिकट झाली, मासे ठणठणीत. मग १३-०-४५ सुरू केलं. त्यानंतर पापुद्रा फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात दगडाआड एकदा दिसला.

काळ्या पानांपैकी वाईट तेवढी कापली, बाकीच्यांवर पेरॉक्साइड. झुबके आधी गुलाबी, मग पांढरे पडले, आणि मॉलींनी पांढरे झालेले खाऊन टाकले. नवीन पानं स्वच्छ येतायत. अण्णांचं ऐकून हॉर्नवर्टही भरपूर टाकलाय.

काचेवरचे ठिपके मात्र खरवडले की परत. फॉस्फेट सुरू करायला जरा धास्तावलो होतो.

भीमाकाठ
उत्तम. मागच्या कोपऱ्यात पाणी फिरत नाहीये, म्हणून तिथेच आला. फिल्टरचं तोंड त्या दगडावर आदळेल असं वळवा, किंवा दगड काचेपासून चार बोटं पुढे घ्या म्हणजे मागून प्रवाह जाईल. फिल्टरचा स्पंज टँकमधल्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको.

फॉस्फेट घाला, घाबरू नका. काचेवरचे आधीचे ठिपके फॉस्फेटने जाणार नाहीत, ते पात्यानेच काढा. नवीन यायचे कमी होतात का ते बघा. नेराइट गोगलगाय मिळाली तर दोन आणा, असले टणक ठिपके खाणारे फार थोडे प्राणी आहेत. गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे गर्दी होत नाही.

उजनी_बॅकवॉटर
हॉर्नवर्ट वाढेल आणि तुम्ही तो छाटाल. छाटलेलं संभाजी तलावात किंवा कालव्यात टाकू नका, उन्हात वाळवून कुंडीत घाला. गोगलगाईंचंही तेच, बाहेर सोडू नका.

जुळेकर
कुंडीतच जातंय, तुळस जोरात आलीय. फक्त ०-५२-३४ चं किलोचं पाकीट घ्यायला जीवावर येतंय, मला तर वर्षाला दहा-वीस ग्रॅम लागणार.

डाळिंबवाला
घेऊ नका की. माझ्याकडे फोडलेलं पाकीट आहे, कोरडं ठेवलंय. रविवारी सात रस्त्याला येतोय, बरणीत पन्नास ग्रॅम देतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

शेंगाचटणी
मलाही थोडं. नंबर ३ माझाही आहे.

जुळेकर
डाळिंबवाला, व्यनि केलाय.